गाडीच्या दाराची काच तडकली आहे. दुरुस्त करू की बदलू?

प्रश्न: पत्र लिहिणाऱ्या ताई ५६ वर्षांच्या, शिक्षिका, पुण्याच्या एका उपनगरात राहणाऱ्या. नाव त्यांच्या विनंतीवरून गाळलं आहे. पत्र मोठं होतं, त्याचा सारांश असा:

“बाबांनी २०१४ साली घेतलेली छोटी गाडी ते गेल्यापासून आम्ही वापरतो. गेल्या शनिवारी सोसायटीत मशीनने गवत कापताना खडा उडाला आणि मागच्या डाव्या दाराच्या काचेवर बसला. काच खाली पडली नाही. कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे गेलेत, पण ती जागच्या जागी आहे. उन्हासाठी बाबांनी आतून पारदर्शक फिल्म लावून घेतली होती. शेजाऱ्यांच्या गाडीची पुढची काच तडकली तेव्हा त्यांनी त्यात कसलंसं द्रव्य भरून ती थोडक्यात ठीक करून घेतली. मग माझी का होऊ नये? सर्व्हिस सेंटरने सरळ ‘बदलावी लागेल’ म्हणत रबरासकट ३,२०० रुपये सांगितले. नाना पेठेतल्या काचवाल्याने १,९००. भाऊ म्हणतो, जुन्या बाजारात सहाशेला मिळेल. आमचे हे म्हणतात, इतकी वर्षं फर्स्ट पार्टी विमा भरतोय, एकदा तरी वसूल करू. बाबांनी जन्मभर छत्री, घड्याळ, मिक्सर, सगळं दुरुस्त करून वापरलं. त्यांच्या गाडीला पहिल्याच फटक्यात ‘बदला’ म्हणायला माझी जीभ रेटत नाही. बागेचा कंत्राटदार म्हणतो, माळ्याच्या पगारातून पैसे कापून देतो. ते मला नको आहे. दहा दिवसांनी गणपतीला देवरुखला जायचंय. त्या काचेवर आतून बाबांनी गाडी घरी आली त्या दिवशी चिकटवलेला गणपतीचा छोटा स्टिकर आहे. काय करू?”

उत्तर:

ताई, आधी आजच करायचं काम सांगते, बाकीचं मग बोलू. त्या दाराचं काच खाली-वर करायचं हँडल कोणी फिरवणार नाही एवढं बघा. घरात नातवंडं येत-जात असतील तर हँडलवर चिकटपट्टी लावून ठेवा, म्हणजे सवयीने हात गेला तरी लक्षात येईल. ते दार आपटू नका. खरं तर दुसरंही कुठलं दार जोरात लावू नका, कारण सगळ्या काचा बंद असताना दार आपटलं की आत हवेचा दणका बसतो आणि तो त्याच काचेवर जातो. पावसाचे दिवस आहेत, म्हणून बाहेरून जाड पारदर्शक प्लास्टिक लावा. ते लावायला खाकी पार्सलची टेप घेऊ नका, रंगारी वापरतात ती कागदी मास्किंग टेप घ्या. पार्सलची टेप दोन दिवस उन्हात राहिली की तिचा डिंक रंगावर बसतो आणि मग काचेऐवजी दाराच्या रंगाचं काम निघतं. गाडी धुऊ नका. मागच्या सीटवर कोणाला बसवू नका.

आता तुमच्या प्रश्नाकडे येते. तुम्ही लिहिलंय, काच खाली पडली नाही, फक्त तडे गेलेत. ताई, ती फुटलेली आहे. शनिवारी खडा बसला त्याच क्षणी ती पूर्ण फुटली, बाबांनी लावलेल्या फिल्मने फक्त तिचे तुकडे धरून ठेवलेत. फिल्म नसती तर त्या दिवशी सीटवर आणि खाली खडीसाखरेसारखा ढीग पडलेला दिसला असता आणि दुरुस्तीचा विचार तुमच्या मनात आलाच नसता. डोळ्यांना ती अजून काच दिसते, म्हणून जीव अडकलाय.

शेजाऱ्यांचं उदाहरण खरं आहे, पण ती काचच वेगळी. गाडीची पुढची काच म्हणजे काचेचे दोन पातळ पापुद्रे आणि मध्ये प्लास्टिकचा एक चिकट थर. खडा लागला की बहुतेक वेळा वरचा पापुद्रा तडकतो, मधला थर आणि आतला पापुद्रा शाबूत राहतो. त्या फटीत पातळ रेझिन भरतात, विशिष्ट प्रकाशाखाली ते घट्ट करतात आणि खूण जवळजवळ दिसेनाशी होते. ठिपका नाण्याएवढा असेल, काचेच्या कडेला नसेल आणि चालकाच्या नजरेसमोर नसेल तर हे काम जरूर करून घ्यावं, तेही लवकर, फटीत धूळ-पाणी शिरायच्या आत. शेजाऱ्यांनी अगदी योग्य केलं.

दाराची काच मात्र सहसा एकेरी असते आणि टफन केलेली असते. जाडी सुमारे ३ ते ४ मिलीमीटर. कारखान्यात ती आधी हव्या त्या आकारात कापून, कडा घासून घेतात; मग ६०० अंश सेल्सियसच्या वर तापवतात आणि दोन्ही बाजूंनी गार हवेचे जोरदार झोत मारतात. बाहेरची बाजू लगेच थिजते, आतला गाभा मागाहून गार होतो आणि आकसताना बाहेरच्या थराला आत ओढून धरतो. पुढे जन्मभर त्या काचेची कातडी आवळलेली आणि गाभा ताणलेला राहतो. या ओढाताणीमुळेच ती साध्या काचेपेक्षा चार-पाच पट मजबूत होते. आणि याच ओढाताणीमुळे एखादा ओरखडा कातडी भेदून गाभ्यापर्यंत पोचला की साठलेला सगळा ताण एकदम सुटतो आणि अख्ख्या काचेचे बोथट कडांचे दाणे होतात. ती मुद्दाम तशी बनवलेली असते, म्हणजे अपघातात गळ्याला-चेहऱ्याला सुऱ्यासारखा तुकडा लागू नये. या काचेला अर्धवट तडकणं माहीत नाही. ती एक तर पूर्ण असते, नाही तर दाणे. त्या हजार दाण्यांमध्ये रेझिन कुठे कुठे भरणार, आणि भरलं तरी गेलेला ताण परत कुठून आणणार?

म्हणून कोणी तुम्हाला “भरून देतो, नवीनसारखी करतो” म्हणालं, तर त्याला गाडी देऊ नका.

आता बाबांविषयी. पत्रातला हा भाग मी दोनदा वाचला. तुमच्या मनात दुरुस्ती म्हणजे जपणं आणि बदलणं म्हणजे टाकून देणं, असं पक्कं बसलंय, म्हणून ३,२०० रुपयांचा प्रश्न एवढा जड झालाय. पण बाबांच्या लहानपणी घरात कंदील असेलच. आमच्या आजोळी होता. रोज दिवेलागणीच्या आधी आजी त्याची काच राखेने पुसायची. ती काच वर्षा-दोन वर्षांत कधीतरी तडकायचीच, आणि तडकली की आजोबा बाजारातून नवी आणायचे. कोणी ती डिंकाने चिकटवत बसलं नाही आणि कोणी कंदीलही टाकला नाही. वात बदलली, काच बदलली आणि तोच कंदील तीस वर्षं वापरला. त्याला ते कंदील दुरुस्त करणंच म्हणत. बाबांनी छत्री दुरुस्त केली तेव्हा मोडलेली काडी नवीनच घातली असणार, घड्याळाचा पट्टाही नवाच. तुम्ही दुरुस्त करताय ती गाडी. काच हा तिचा एक भाग, आणि तो बदलल्याशिवाय गाडी दुरुस्त होत नाही.

बाबांची दुरुस्तीची नजर मात्र इथे खरोखर कामाला येईल, कारण काच सोडली तर त्या दारातलं जवळपास सगळं वाचवता येतं, आणि वाचवण्याऐवजी बदलायलाच लोक सांगतात. काचेच्या दोन्ही बाजूंच्या खाचेत मखमली अस्तराचं रबर असतं, त्याला गॅरेजमध्ये ग्लास रन म्हणतात. ते कडक झालं नसेल, फाटलं नसेल, तर ब्रशने दाणे काढून, पुसून पुन्हा तेच बसतं. काच उचलणारी आतली यंत्रणा, ज्याला मेकॅनिक नुसतं ‘मशीन’ म्हणतात, ती खड्याने बिघडत नाही. साफ करून थोडं ग्रीस दिलं की पुरतं. दार उघडल्यावर कोणी “मशीनपण घ्या, सेट येतो” म्हणालं, तर विचारा, “काय बिघडलंय ते दाखवा.” सर्व्हिस सेंटरच्या ३,२०० मध्ये रबर धरलंय, तेव्हा तिथेही हेच विचारा.

आता तीन भाव. भावाचा जुन्या बाजाराचा सल्ला मी झटकून टाकणार नाही. मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात किंवा भंगारात काढलेल्या गाड्यांच्या दुकानांत तुमच्याच मॉडेलच्या गाडीची मूळ काच मिळाली तर ती चांगली काच आहे. टफन केलेली काच वयाने कमजोर होत नाही. पण ती घेताना चारही कडांवरून नजर फिरवा, आणि बोट फिरवायचं तर जपून. या काचेचं मर्मस्थान कड आहे. मध्यभागी बोथट मार सोसेल, पण कडेला बारीकसा टवका असेल तर एखाद्या दिवशी दार लावताना उगाचच फुटेल. कडेला टवका म्हणजे काच नको, पैसे कितीही वाचोत. उभे ओरखडे असतील तर नखाने तपासा. नख अडकलं नाही तर पॉलिशने जातील. अडकलं तर राहू द्या, घासून काढायला गेलं की काचेतून पलीकडचं वाकडं दिसायला लागतं.

शिवाय कोपऱ्यातला शिक्का वाचा. प्रत्येक काचेच्या खालच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत बनवणाऱ्या कंपनीचं नाव असतं. आपल्याकडच्या गाड्यांत बहुतेक वेळा असाही इंडिया म्हणजे एआयएस, किंवा सेंट-गोबेन सेक्युरिट. त्याबरोबर आयएसआय खूण आणि आयएस २५५३ हा क्रमांक. काच टफन्ड आहे की लॅमिनेटेड, म्हणजे पुढच्या काचेसारखी थरांची, तेही तिथेच कळतं. तुमच्या दुसऱ्या दारांच्या काचांवरचा शिक्का मोबाइलमध्ये टिपून घ्या आणि दुकानात तो दाखवा. काचेचा रंगही जुळला पाहिजे. बऱ्याच गाड्यांच्या काचा किंचित हिरवट असतात. एकटी पांढरी काच बसवली की ते दार कायम वेगळं दिसतं.

आणि एक गोष्ट अजिबात करू नका. कोणी “माप घेऊन कापून देतो” म्हणालं, तर तिथून निघा. टफन केलेली काच नंतर कापताच येत नाही, कटर लावला की दाणे होतात. कापून मिळते ती खिडकीची, तसबिरीची साधी काच. दिसायला तशीच, भावाला स्वस्त, पण अपघातात तिचे लांब धारदार तुकडे होतात आणि त्या सीटवर तुमचं नातवंड बसलेलं असतं. ॲक्रिलिकचा पत्रा लावायची सूचनाही कोणी करेल. तो लवकरच ओरखड्यांनी धुरकट होतो, आणि मोटार वाहन नियमांप्रमाणे गाडीच्या खिडक्यांना सुरक्षा काचच लागते.

नाना पेठेतला १,९०० चा भाव मला रास्त वाटतो, पण त्यात काय काय धरलंय ते विचारून घ्या. बसवायची मजुरी, दार साफ करणं आणि पाणी मारून दाखवणं त्यात असेल तर मी तिथे जाईन. तुमच्या गाडीचं मागचं दार साधं आहे: मोटर नाही, काचेत तारा नाहीत. दोन तासांचं काम. ज्यांच्या दारात पॉवर विंडो, बोट अडकलं तर आपोआप थांबणारी काच, एअरबॅगचा सेन्सर वगैरे आहे, किंवा ज्यांच्या पुढच्या दारांना आवाज अडवणारी लॅमिनेटेड काच आहे, त्यांनी मात्र सर्व्हिस सेंटरचे जास्तीचे पैसे मोजावेत आणि होती त्याच जातीची काच लावावी.

काम चालू असताना तिथे उभ्या राहा. मी हे आग्रहाने सांगते, कारण मला स्वतःला त्याची किंमत पडली आहे. काही वर्षांपूर्वी माझ्याही गाडीची मागची काच फुटली होती. मी किल्ली दिली, भाजी आणायला गेले, तासाभराने गाडी तयार. सीटवर एक दाणा नव्हता, फार बरं वाटलं. पहिल्या मोठ्या पावसानंतर वळणावर दारातून खळखळ आवाज यायला लागला. दाराच्या पोटात पाणी साठलं होतं. दार उघडलं तर तळाला मूठभर काचेचे दाणे आणि चिखल, पाणी जायची भोकं बुजलेली. खालचा पत्रा आतून गंजायला लागला होता. काचेच्या दुप्पट पैसे पत्र्याला गेले.

म्हणून काय बघायचं ते सांगते. कारागीर आधी हँडलच्या मागे फडकं घालून ते दोन्ही हातांनी इकडून तिकडे ओढेल. फडक्यात हँडलची वाकडी तारेची क्लिप अडकून टपकन उडेल. ती हातात धरा, हरवली की पुढे हँडल डुगडुगतं. मग आर्मरेस्टचे स्क्रू निघतील आणि दाराचं पॅड क्लिपांवरून टपटप सुटेल. त्याच्यामागे काळ्या चिकट पट्टीने लावलेला प्लास्टिकचा कागद असतो. तो ओढून फाडायचा नाही, हळूच सोडवून पुन्हा नीट चिकटवायचा, कारण दारातलं पाणी गाडीच्या आत येऊ न देणं हे त्याचंच काम आहे. दार आतून कोरडं असतं असं आपल्याला वाटतं, पण तसं नसतं. पाऊस काचेवरून ओघळून दाराच्या पोटात जातोच आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतो. दाराची रचनाच तशी असते. कागद उघडला की कारागिराला व्हॅक्यूमची नळी दाराच्या तळापर्यंत घालायला सांगा आणि तळाची भोकं तारेने मोकळी करून घ्या. ग्लास रनच्या मखमलीत एक जरी दाणा राहिला, तरी नव्या काचेवर पहिल्याच दिवशी वरपासून खालपर्यंत रेघ उमटेल.

सगळं बसल्यावर काच पाच-सहा वेळा खाली-वर करून बघा. अडखळायला नको, तिरकी जायला नको. मग पाइपने काचेच्या वरून पाच मिनिटं पाणी सोडा. दाराखालून पाणी ठिबकलं तर उत्तम. आत पायपुसण्यापाशी ओल आली तर पॅड पुन्हा उघडायला लावा, तिथल्या तिथे. आणि मागच्या सीटबेल्टच्या बकलमध्ये टॉर्च मारून बघा. दाणे तिथे हमखास शिरतात आणि मग बेल्ट नीट लागत नाही.

आता तुमच्या यांचा विम्याचा मुद्दा. पॉलिसीची प्रत तुम्ही जोडलीत ते बरं केलंत, तुमच्याच आकड्यांवर बोलता येईल. गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता मुळात ५,२०० आहे. इतकी वर्षं क्लेम न घेतल्यामुळे त्यावर ५० टक्के नो क्लेम बोनस मिळतो, म्हणून तुम्ही २,६०० भरता. आता ३,२०० चा क्लेम टाकला तर १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपयांची सक्तीची वजावट आहे, म्हणजे तेवढे पैसे आपणच भरायचे. काचेवर घसारा, म्हणजे जुनेपणाची कपात, धरत नाहीत, पण रबरावर निम्मा धरतात. म्हणजे हातात फार तर २,२०० येणार, आणि बोनस शून्यावर जाणार. पुढच्या वर्षी पूर्ण ५,२००, मग २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५, आणि सहाव्या वर्षी कुठे तुम्ही पुन्हा ५० वर याल. मूळ हप्ता तोच धरला तर त्या पाच वर्षांत तुम्ही जास्तीचे ६,५०० भरता. गाडीची किंमत उतरते तसा हप्ताही उतरतो, तेव्हा प्रत्यक्षात आकडा थोडा कमी येईल; तरी २,२०० साठी हा सौदा तोट्याचाच.

तुमच्या यांना हा कागद दाखवा, वाद घालू नका. इतकी वर्षं हप्ते भरून काहीच मिळालं नाही, ही भावना मी समजू शकते. बहुतेक घरांत ती असते. पण दर वर्षी अर्ध्या हप्त्यात विमा मिळतोय, तीच तर वसुली. एकच गोष्ट आधी बघा: पॉलिसीत ‘बोनस प्रोटेक्ट’ घेतलेलं आहे का, किंवा नुसत्या काचेच्या क्लेमने बोनस जात नाही असं कलम आहे का. काही पॉलिसींमध्ये असतं. तसं असेल तर खुशाल क्लेम करा, पण काच काढायच्या आधी फोटो काढून कंपनीला कळवा. एकदा काम झाल्यावर नुकसान बघायला येणारा कंपनीचा सर्व्हेअर काय बघणार? खड्याबरोबर दाराचा पत्राही चेपला असता, दोन-तीन काचा गेल्या असत्या किंवा महागडी लॅमिनेटेड काच असती, तर माझं उत्तर वेगळं असतं. ज्यांची पॉलिसी नुसती थर्ड पार्टी आहे, त्यांना स्वतःच्या काचेचे पैसे मिळतच नाहीत. आणि ज्यांची काच चोराने फोडून बॅग नेली, त्यांनी आधी पोलिसांत तक्रार नोंदवावी. गाडीच्या विम्यात काच येते, बॅगेतला लॅपटॉप सहसा येत नाही.

माळ्याचं काय, हा प्रश्न तुम्ही जाता जाता लिहिलात, पण तुमची झोप त्यानेच उडवली आहे असं मला वाटलं. पैसे एक तर माझ्या खिशातून जाणार, नाही तर त्या माणसाच्या पगारातून, असं तुम्ही धरून चाललात. मध्ये कंत्राटदार आहे आणि सोसायटी आहे. कामावर असताना माणसाच्या हातून नुकसान झालं तर त्याची जबाबदारी सहसा काम देणाऱ्यावर येते. त्यात फिरत्या दोऱ्याने गवत कापायचं ते मशीन खडे उडवतंच. म्हणून त्याला खालून गार्ड असतो, म्हणून पार्किंगच्या बाजूला ताडपत्री किंवा जाळी धरून काम करतात, म्हणून आदल्या दिवशी गाड्या हलवायला सांगतात. यातलं शनिवारी काय होतं? तुमच्या पत्रावरून काहीच नव्हतं. हे माळ्याने ठरवायचं नसतं.

सेक्रेटरींना चार ओळी लिहा. रागाच्या नकोत, कामाच्या असू द्यात: “अमुक तारखेला गवत कापताना उडालेल्या खड्याने माझ्या गाडीची काच फुटली, फोटो जोडले आहेत, बिल इतकं झालं. ही रक्कम कंत्राटदाराने किंवा सोसायटीने द्यावी. कामगाराच्या पगारातून कापलेले पैसे मी स्वीकारणार नाही. यापुढे मशीनला गार्ड, पार्किंगकडे ताडपत्री आणि आदल्या दिवशी सूचना, एवढं व्हावं.” पगाराचं वाक्य लेखी असू द्या. ते लेखी असलं की कंत्राटदाराला तुमचं नाव सांगून त्याचे पैसे कापता येणार नाहीत. सगळे पैसे मिळतीलच असं मी म्हणत नाही. बरेचदा निम्म्यावर तडजोड होते आणि तीही दोन मीटिंगनंतर. पण पुढच्या वेळी तो खडा एखाद्या पोराच्या डोळ्याला लागू नये, यासाठी तरी हे पत्र जायला हवं.

दिवसांचा हिशेब असा करा. उद्या-परवा दुकानात शिक्क्याचा फोटो दाखवून काच आहे का ते विचारा. नसली तर मागवायला दोन-तीन दिवस जातात. जुन्या बाजारातच बघायचं असेल तर तो रविवारी आणि बुधवारी भरतो, भावाला एकच फेरी मारू द्या. तिथे कड साबूत असलेली मिळाली तर ठीक, नाही तर सरळ नवी घ्या. गणपतीच्या आदल्या आठवड्यात सगळ्या गॅरेजांत कोकणात जाणाऱ्यांची गर्दी असते, म्हणून काम निदान चार दिवस आधी उरका. प्लास्टिक लावून देवरुखपर्यंत जायचा विचार मात्र करू नका. महामार्गावर वेग घेतला की वाऱ्याने ती काच कधीही आत येईल, आणि आंबा घाटात पावसात थांबून दाणे वेचायला जागाही नसते.

नव्या काचेवर पुन्हा फिल्म लावायची का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण दुकानदार विचारेल. बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के आणि पुढच्या-मागच्या काचांतून ७० टक्के उजेड आत आला पाहिजे, असा नियम आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली फिल्मवर बंदी आणली, त्यानंतर नियमही बदलले, पण रस्त्यात अडवणाऱ्या हवालदाराशी यावर बोलत बसणं नको. मी तरी लावणार नाही. उन्हासाठी जाळीचा पडदा पुरतो.

राहिला स्टिकर. फिल्म आतून लावलेली आहे आणि स्टिकर फिल्मवर आहे, म्हणजे तो काचेला चिकटलेलाच नाही. कारागीर ती काच काढतो तेव्हा फिल्मसकट गोधडीसारखी गुंडाळून पोत्यात टाकतो, आणि हे पहिल्या दोन मिनिटांत होतं. तेव्हा दुकानात फोनवरच सांगून ठेवा की काच काढायच्या आधी एक काम आहे. हातमोजे घाला, डोळ्यांवर चष्मा असू द्या. बाहेरून प्लास्टिक तसंच राहू द्या, आणि आतून धारदार ब्लेडने स्टिकरच्या चारही बाजूंनी बोटभर जागा सोडून फिल्म कापा. चौकोन हळूच सोलून घ्या. मागे काही दाणे चिकटून येतील. ते घाईने ओरबाडू नका, घरी वर्तमानपत्रावर पालथा ठेवून चिमट्याने एकेक काढा. नव्या काचेवर तो पुन्हा चिकटणार नाही, डिंक फिल्मचा आहे आणि जुना झालाय. समोरच्या सामानाच्या कप्प्याचं झाकण आतून सपाट असतं. तिथे दुहेरी टेपने लावा. ऊन लागणार नाही, आणि गाडीचे कागद काढताना दर वेळी दिसेल.